जोडपानाच्या मधोमध

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, आणि मी तो चढू देते. बाबा रेल्वेत पॉइंट्समन, आई अकोल्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली. घरात छापील म्हणावं असं एक कॅलेंडर, आमची शाळेची पुस्तकं आणि रद्दीत जायच्या वाटेवर असलेला हिंदी पेपर. त्या घरातली मुलगी बी.कॉम. झाली, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि जयपूरला ज्या शाळेत शिकली तिथेच सहावी ते आठवीला कॉम्प्युटर शिकवायला लागली.

दिवाळीची सुट्टी संपली तशी प्रिन्सिपल सरांनी बोलावून घेतलं. तोपर्यंत आमच्या शाळेचा वार्षिकांक म्हणजे स्टेपल मारलेल्या झेरॉक्स. त्या वर्षी पहिल्यांदा खरं, रंगीत, छापील इयरबुक काढायचं ठरलं होतं.

"आप कंप्यूटर पढ़ाती हैं न? तो किताब भी आप ही बनाइए," सर म्हणाले.

शिवणयंत्र चालवता येतं त्या अर्थी कापडही विणता येईल, असा तो हिशेब. पण नाही म्हणायची मला सवय नाही. आमच्यासारख्या घरातून वर आलेल्या माणसाला काम दिलं की त्याला वाटतं, परीक्षाच घेतायत. मी हो म्हणाले आणि लायब्ररीत जाऊन एक जाडसर पुस्तक काढलं. ते वाचायला नव्हे, बघायला काढलं. इतकी वर्षं पुस्तकं हाताळून मी पुस्तक कधी पाहिलंच नव्हतं, हे मला पाच मिनिटांत कळलं.

समास चारी बाजूंना सारखा नव्हता. वर कमी, खाली जास्त, बाहेरच्या बाजूला बरोबर अंगठा मावेल एवढा. म्हणजे धरणाऱ्याच्या बोटाखाली अक्षर जाऊ नये याची कुणीतरी काळजी घेतली होती. मग मी एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. मागच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर पाठीमागे होत्या. एक ओळसुद्धा खालीवर नाही. मी दुसरं पान धरलं, तिसरं धरलं. तेच. लायब्ररीतल्या मॅडम म्हणाल्या, "नोट चेक कर रही हो क्या, असली है कि नकली?" मी हसले, आणि चौथं पान धरलं. ही सगळी मेहनत कुणालाही न दिसण्यासाठी केलेली होती. वाचणाऱ्याला एवढंच वाटावं की वाचताना त्रास होत नाही.

त्यानंतर मी शिकत गेले. व्हिडिओ पाहून, चुकून, पुसून. वर्गांची पानं करताना आधी फार वाईट दिसायची. पोरांनी आणलेल्या फोटोंत कुणाचं तोंड चौकटभर, कुणी लांब भिंतीशी उभा, कुणी मामाच्या लग्नातला. मग एका ठिकाणी ऐकलं की सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणा. मी एकेक चेहरा लहानमोठा करत, वरखाली सरकवत, डोळे एका ओळीत आणले. सहावी ब चं पान पूर्ण झालं आणि मी खुर्ची मागे सारून बघतच राहिले. तो वर्ग झाला होता. सगळी पोरं एकदम, एका उंचीवरून माझ्याकडे बघत होती. जी पोरं रोज मला "मैडम, पेन ड्राइव में गेम डाल दो" म्हणून छळायची, त्यांच्यासमोर मला क्षणभर उठून उभं राहावंसं वाटलं.

आता मोठ्या फोटोची गोष्ट. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठी.

इयरबुकात एक जोडपान ठेवायचं ठरलं. जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोर येणारी डावी-उजवी दोन पानं मिळून एक. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक फोटो, सगळे शिक्षक आणि मागे बारावीची मुलं. मालवीय नगरहून फोटोग्राफर आला. शाळेच्या पायऱ्यांसमोर खुर्च्या मांडल्या. अशा फोटोत मधल्या खुर्चीचा मान असतो, ती शिपाई आधी पुसून वर टॉवेल टाकून ठेवतो. दर वर्षी तिथे सर बसतात. त्या वर्षी सर स्वतः बाजूला सरकले आणि तिसरीच्या वर्गशिक्षिकेला म्हणाले, "बड़ी मैडम, आज आप बीच में।"

सगळी शाळा त्यांना बड़ी मैडम म्हणते. मी मनातल्या मनात बाई म्हणते, कारण मी त्यांच्या वर्गात होते. बाबांची बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मला तिसरीत घातलं, आणि माझं हिंदी म्हणजे आमच्या वऱ्हाडीला "है" लावलेलं. पोरं खदाखदा हसायची. बाईंनी एक दिवस मला उभं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, ही दोन भाषा बोलते, तुम्ही एकच बोलता, हसायचं कुणी कुणाला ते ठरवा. बस, एवढंच. पण त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं, ते आजतागायत मिटलेलं नाही.

त्या बाई मार्चअखेर रिटायर होणार होत्या. त्यांच्या आयुष्यातलं शाळेचं हे पहिलं छापील पुस्तक आणि शेवटचंही. झेरॉक्सच्या वार्षिकांकांत त्या कधीच नव्हत्या. पोरांना रांगेत लावण्यात, "तू इधर, तू झुक" करण्यातच फोटो निघून जायचा. या वेळी त्या बसल्या, आणि मध्यात बसल्या.

आठवड्याने स्टाफरूममध्ये त्यांनी मला गाठलं. "बेटा, मैं कैसी आई हूँ?"

"बहुत अच्छी, मैडम."

"आँखें खुली हैं न? मेरी हर फोटो में आँखें बंद रहती हैं. शादी की फोटो में भी. मेरे ये कहते हैं, तू तो सोते-सोते ब्याही गई. इस बार मैंने पलक ही नहीं झपकाई. पानी आ गया आँखों में, पर नहीं झपकाई."

डोळे उघडे होते. चांगले टक्क उघडे, थोडे ओले, आणि चेहऱ्यावर एक असा भाव की आता बघतेच कोण मला मिटवतं. मी म्हणाले, "किताब आने दीजिए, फिर देखिए."

छापखाना शहराबाहेर, चौमू गावाच्या वाटेवर. वडिलांचा धंदा, कारभार मुलीचा. ती माझ्याच वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली, एका कानाला कायम फोन. मी मोठ्या ऐटीत माझ्या पानांच्या रंगीत प्रिंट घेऊन गेले. तिने भराभर चाळल्या. वर्गांच्या पानांवर मान हलवली, म्हणजे ठीक आहे. मग ते जोडपान हातात घेतलं, मधोमध घडी घातली, घडीजवळची कड चिमटीत घट्ट धरली आणि पुस्तकासारखं उघडून माझ्यासमोर धरलं.

"मैडम, किताब कंप्यूटर में नहीं, हाथ में खुलती है. अब इनको ढूँढिए."

बाई नव्हत्या. डाव्या पानावर एक कान आणि त्यातली कुडी, उजव्या पानावर दुसरा कान आणि दुसरी कुडी. मधलं सगळं घडीत गेलं होतं. त्यांच्या एका बाजूला सर ऐसपैस, दुसऱ्या बाजूला व्हाइस प्रिन्सिपल मॅडम प्रसन्न, आणि मध्ये खड्डा.

 पडद्यावर दोन्ही पानं सपाट दिसतात. तिथे घडी म्हणजे नुसती एक बारीक रेघ. पण गोंदाने बांधलेलं पुस्तक तसं सपाट पडत नाही. आतली कड थोडी कापली जाते, थोडी चिकटते, थोडी वळते. मान द्यायचा म्हणून आपण माणसाला मध्यात बसवतो, आणि पुस्तकात नेमकी तीच जागा सगळ्यांत वाईट.

"सब स्कूल यही करते हैं," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "हर साल दो-चार प्रिन्सिपल हमारी बाइंडिंग में चले जाते हैं. किसी ने शिकायत नहीं की. पता ही नहीं चलता उनको, बस लगता है फोटो अच्छी नहीं आई."

पण बाईंना कळलं असतं.

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिने एक मोठा कोरा कागद घेतला, एकदा घडी घातली, दोनदा, तीनदा. त्या चौकोनी गठ्ठ्यावर कोपरे उचलून उचलून पेन्सिलीने आकडे टाकले, एकपासून सोळापर्यंत. मग कागद पूर्ण उलगडला. मी बघते तर काय, एकाच्या शेजारी सोळा, त्यांच्या डोक्यावर आठ आणि नऊ, तेही खाली डोकं वर पाय. सगळे आकडे इकडेतिकडे उधळलेले. "मशीन पर ऐसे ही छपता है," ती म्हणाली. "मोड़ो तो लाइन में आ जाता है." आणि पुन्हा फोनवर बोलायला लागली, जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

मी तो कागद मागून घेतला. बसमध्ये तीनदा घडी घातली, तीनदा उलगडली. कंडक्टर म्हणाला, "मैडम, काग़ज़ की नाव बना रही हो?"

घरी, बनी पार्कच्या अलीकडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मी आईला बसवून दाखवलं. आई भाजी निवडत होती.

"काय करून राहिली वं? चांगला कागद चुरगळून राहिली."

"पुस्तक करून राहिली, आई."

"असं असते पुस्तक? आकडे पाय अशे वर करून पडलेले?"

मी घडी घातली, वरच्या आणि बाहेरच्या कडेला सुरी फिरवली, आणि तिच्या हातात दिलं. तिने एक उलटलं, दोन, तीन, चार. मग जरा जोरात, सोळापर्यंत. "अवं बाप्पा!" म्हणाली, आणि मेथीच्या हाताने पुन्हा पहिल्यापासून. बाबा खाटेवरून म्हणाले, "मलेही दाखव." त्यांनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे छापणाऱ्याले आधीच मालूम असते, कोण कोणाच्या बाजूले बसन ते?" मी म्हणाले हो. "मंग तुले बी मालूम पाहिजे," ते म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

बाबा सहज बोलले, पण मला ते लागलं. माझ्याकडे पुस्तक होतं, आणि त्यात कोण कुठे बसेल हे माझ्या हातात होतं. बाईंना घडीतून बाहेर काढणं माझं काम होतं.

पुन्हा फोटो काढणं शक्य नव्हतं. बारावीला अभ्यासाची सुट्टी लागलेली, मुलं घरोघरी बसलेली, लष्करी छावणीतल्या एका मुलीच्या वडिलांची तर बदली होऊन सामानही गेलेलं. अख्खा फोटो एका पानावर घेतला तर चेहरे मसुराच्या दाण्याएवढे. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, बड़ी मैडम की अलग से फोटो लेकर ऊपर कोने में गोले में लगा दो."

गोलात! शाळेच्या फोटोंत गोलात कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी गैरहजर असलेला, नाहीतर देवाघरी गेलेला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी न लववता बसलेल्या बाईला मी गोलात घालणार नव्हते. "नहीं सर," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

दुपारी कॉम्प्युटर लॅब रिकामी असायची. पडद्यावर एक उभी निळी रेघ ओढता येते, ती छापली जात नाही, नुसती मापाला असते. ती रेघ म्हणजे घडी असं धरून मी ती फोटोवर सरकवू लागले. बाई आणि सर यांच्या मध्ये ठेवली. खाली जागा होती, पण मागे उभ्या मुलाच्या नाकावरून रेघ गेली. बाईंच्या दुसऱ्या बाजूला ठेवली, तिथे एका मुलीचा डोळा. फोटोग्राफरने आपलं काम चोख केलं होतं. बसलेल्या दोघांच्या फटीत मागचा चेहरा, मागच्या दोघांच्या फटीत त्यांच्या मागचा. प्रत्येक जण दिसावा म्हणून त्याने असं विणलं होतं, आणि तेच माझ्या मुळावर आलं होतं. रेघ कुठेही ठेवा, कुणीतरी मरत होतं.

मी एकेक बोटभर सरकवत उजवीकडे गेले. चेहरे मोठे करून पाहत होते, आणि पाहता पाहता माझा हात मंद झाला. एवढी माणसं, आणि प्रत्येकाने त्या एका क्षणासाठी काहीतरी केलं होतं. कुणी श्वास धरलेला, कुणी पोट आत घेतलेलं. पीटीच्या सरांनी टक्कल दिसू नये म्हणून मान मागे टाकलेली. एकीने मैत्रिणीचा हात मागून धरलेला. हे सगळं छापून यायचं होतं, आणि यातलं कोण नाहीसं करायचं हे माझी रेघ ठरवणार होती. मला भीती वाटली, खरंच.

आणि मग रेघ एका जागी गेली आणि कुणालाही लागली नाही. वरून खालपर्यंत, मागच्या कडुनिंबापासून पुढच्या फरशीपर्यंत, मोकळी. मी डोळे चोळले. तिथे मागच्या दोन्ही रांगांत फट होती. मधल्या रांगेत बारावीच्या दोन मुली, एकमेकींना पाठ देऊन, एक इकडे कललेली, एक तिकडे. तेव्हा आठवलं. त्या आठवड्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, बोलणं बंद होतं. फोटोग्राफर घसा फोडून ओरडत होता, "पास आओ, पास आओ, दुश्मनी है क्या?" होती. आणि त्यांच्या मागच्या मुलालाही दोघींच्या मध्ये तोंड घालायची हिंमत झाली नव्हती.

घडी तिथे पाडायची. पण ती जागा मध्यावर नव्हती, चांगली उजवीकडे होती. म्हणजे डावा भाग मोठा, उजवा छोटा. मी फोटो थोडा लहान केला, इतका की मोठा भाग डाव्या पानावर पुरा मावेल. दोन्ही तुकडे घडीपासून जरा जरा बाहेर ओढले. बाई डाव्या पानावर आल्या, घडीपासून तीन माणसं लांब, चांगल्या सुखरूप. आणि उजव्या पानाच्या कडेला तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा उरली, साफ पांढरी.

सरांनी पान पाहिलं आणि बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. "ये खाली क्यों है?"

"सर, इसी की वजह से बाकी सब दिख रहे हैं."

"इतनी जगह में स्कूल का लोगो आ जाएगा. एक सुविचार भी."

मी प्रिंट काढली, छापखान्यात पाहिलं होतं तशी घडी चिमटीत धरली आणि त्यांच्यासमोर उघडली. आधी जुनं पान. ते बाईंना शोधायला लागले. मग स्वतःच्या खांद्याशेजारी त्यांना नुसती कुडी दिसली.  मग नवं पान. त्यात बाई सापडल्या. शेवटी चष्मा काढला आणि म्हणाले, "लोगो पीछे के कवर पर डाल दो." मी केबिनबाहेर आले ती ताठ चालत.

पुस्तकं आली ती फेब्रुवारीत, बारावीच्या निरोप समारंभाच्या सकाळी. खोके फोडले तर ताज्या शाईचा वास. वरचं एक पुस्तक उचललं आणि उघडायचं धाडसच होईना. आधी वर्गांची पानं पाहिली. एक पान उजेडात धरलं. मागच्या ओळी पुढच्या ओळींमागे बसल्या होत्या. हे मी केलं होतं. आमच्या घरातल्या मुलीने.

बारावीच्या पोरांनी झडप घातली. त्या दोघी मुली आता पुन्हा गळ्यात गळे घालून होत्या. जोडपान बघून ओरडल्याच, "मैडम! आपने हमें अलग-अलग पन्ने पर डाल दिया!"

"तुम खुद अलग खड़ी थीं," मी म्हणाले.

"तो बाद में चिपका देतीं न!"

बाईंची प्रत मी स्वतः स्टाफरूममध्ये नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली, पदराने कव्हर पुसलं, ते स्वच्छच होतं तरी. मी पान उघडून दिलं नाही. त्या पहिल्यापासून एकेक उलटत गेल्या. जोडपान आलं तशा थांबल्या. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. बोट आधी सरांवर गेलं, मग डावीकडे सरकलं आणि थांबलं. पान कुठे वळलं नव्हतं, चेहरा कुठे दुमडला नव्हता. टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर त्या पूर्ण बसल्या होत्या.

  बोट तिथेच.

तासाची घंटा झाली. घंटा झाली की सगळ्यांत आधी उठणाऱ्या त्या. उठल्या नाहीत. तिसरीचा मॉनिटर दारात येऊन उभा राहिला, "बड़ी मैडम..." त्यांना ऐकूच गेलं नाही. मी त्याला खुणेने गप्प केलं, टेबलावरचा खडू उचलला आणि त्याच्या मागोमाग तिसरीच्या वर्गात गेले.

पोरं उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग मैडम! बड़ी मैडम कहाँ हैं?"

"किताब में हैं," मी सांगितलं, आणि फळ्यावर तारीख लिहायला घेतली.